नळ बघायला येणारा पाहुणा

माझा भाऊ स्वतःच्या घरी बेल वाजवून यायचा. रविवारी सकाळी, एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात बिस्किटांचा पुडा घेऊन. पाहुण्यानं रिकाम्या हातानं येऊ नये, असं तो चेष्टेनं म्हणायचा. दार मीच उघडायचे. नळ बघायला आलोय म्हणायचा, पायपुसण्यावर चपला घासायचा आणि माझ्याकडे न बघता सरळ मागच्या अंगणात जायचा. घर त्यानं बांधलेलं, त्या पायपुसण्याखालची फरशीसुद्धा त्यानं दुकानात तासभर घासाघीस करून आणलेली, आणि तो आपला परवानगी काढल्यासारखा आत यायचा. मला तेव्हाही राग यायचा आणि आताही येतो. आता तो काढायला समोर कोणी नाही, एवढाच फरक.

मुलानं बापाला घराबाहेर काढलं असं तुम्हाला वाटेल, म्हणून आधीच सांगते, तसं काही झालं नाही. मुलाचा बापावर जीव होता. नसता तर मी त्याला चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

दादाचा नळांचा कारखाना. सुरुवात पत्र्याच्या शेडमध्ये झाली. तो भट्टीपुढे उभा राहून पितळ ओतायचा आणि वहिनी बसून एकेका नळाला कानस मारायची. पुढे शेडचा कारखाना झाला, शंभरेक माणसं कामाला लागली, गाडी आली, आणि मागे अंगण असलेलं हे दुमजली घर झालं. वहिनी या घरात थोडीच वर्षं राहिली आणि गेली. अंगणात धुण्याच्या दगडापाशी दादानं आपला पहिला धड जमलेला नळ बसवला. बोजड, मनगटाएवढ्या जाडीचा, आजच्या दुकानात कोणी हातात धरणार नाही असा. मी याच घरात राहिले. लग्न केलं नाही, नोकरी केली, तीही पालिकेत, पाणीपट्टीच्या खिडकीवर. सगळी हयात लोकांची बिलं घेण्यात आणि त्यांची बोलणी खाण्यात गेली. दादा म्हणायचा, आपण दोघं भावंडं एकाच पाण्यावर जगतो, पाइपाच्या एका टोकाला तू आणि दुसऱ्या टोकाला मी.

म्हणायचा हसत, पण ते त्याच्या मनात पक्कं होतं. कराचा विषय निघाला की त्याची गाडी हटकून तिथेच येऊन थांबायची. धरण लोकांच्या पैशानं बांधलं, पाइप लोकांच्या पैशानं टाकला, म्हणून माझ्या नळाला किंमत. पाइप नसता तर नळ म्हणजे पितळेचा ठोकळा, दार अडवायला ठेवा. भट्टीवरच्या माणसांचा कर पगार हातात पडायच्या आधीच कापला जातो, हिच्या पेन्शनीतूनही जातो, ती कधी कुरकुरत नाही. (मी कुरकुरायचे, पण त्याच्यासमोर नाही.) मग मी मेल्यावर माझ्या मागे एवढं राहणार आहे, त्यातला वाटा लोकांना परत गेला तर कुठे बिघडलं? पोराला सगळं आयतंच मिळणार आहे.

पोरगा म्हणजे चिमण, माझा भाचा. पन्नाशीला आलेला, टक्कल पडलेला, कारखाना सांभाळणारा, पण घरात चिमणच. स्वभावानं भित्रा. लहानपणी अंधाऱ्या जिन्यात मला हाक मारायचा आणि मोठेपणी बँकेतून साधा फोन आला तरी तो खुर्चीतून उठून उभा राहायचा. आमच्या गल्लीत एक छापखाना होता. मालक गेला, वारसांवर कर बसला आणि दोन वर्षांत छापखाना विकला गेला. तेव्हापासून चिमणच्या डोक्यात बसलं की कर आला की कारखाना जातो. खरं तर तो छापखाना करापायी नाही, दोघा भावांच्या भांडणापायी गेला. एक भाऊ यंत्रं विकायची म्हणत होता, दुसरा जागा विकायची म्हणत होता, आणि शेवटी दोन्ही गेलं. सगळ्या गल्लीला ते ठाऊक होतं. पण घाबरलेल्या माणसाला आपल्याला हवं तेवढंच ऐकू येतं.

आमच्याकडे कायदा असा की माणूस गेला की त्याच्या मागे जे राहतं, त्यातल्या एका मर्यादेच्या वरच्या भागावर कर बसतो. मर्यादा तशी ढगळ आहे, माझ्यासारखीच्या मागे काही तो लागत नाही. लागतो तो दादासारख्यांच्या. तर चिमणनं एक सल्लागार आणला. तो इतक्या हळू बोलायचा बाई, की सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागायचं. मी त्याचं नाव हळूबोले ठेवलं आणि ते घरात रूढ झालं. एकदा सूनबाईच्या तोंडून त्याच्यासमोरच निघालं, तर तो नम्रपणे हसला. तेवढं मात्र त्याचं मला आवडलं.

हळूबोलेंनी हॉलमध्ये बसून सांगितलं ते असं. घर आणि कारखाना दादानं जिवंतपणीच मुलाला देऊन टाकायचं. दिल्यावर सात वर्षं दादा जगला तर कर नाही. पण एक अट आहे, दिलेल्या वस्तूचा उपभोग घ्यायचा नाही. कारखान्यातून तो बाजूला होतच होता. घराचं मात्र अवघड होतं, दिलेल्या घरात दादा राहिला तर दिलं ते दिलं असं धरतच नाहीत. बाजारभावानं भाडं भरून राहता येईल, पण मग ते भाडं चिमणचं उत्पन्न आणि त्यावर दरवर्षी कर. तेव्हा सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे त्यांनी दुसरीकडे राहावं. इकडे यावं, जेवावं, बसावं, चार पाहुणे येतात तसं. मुक्काम नको. आणि त्यांचं सामान घरात नको. कपडे, औषधं, दाढीचं सामान, चपला, काही नको, कारण तपासायला आले तर आधी न्हाणीघरात बघतात.

मी विचारलं, भिंतीवरचा वहिनीचा फोटो चालेल का? हळूबोलेंनी खरंच विचार केला आणि फोटो चालेल म्हणाले. मग मी विचारलं, आणि मी? तुम्ही देणाऱ्या नाही, म्हणाले, तुम्ही खुशाल राहा. म्हणजे जिनं या घराला एक वीट लावली नाही ती राहणार आणि ज्यानं बांधलं तो बाहेर जाणार. मी ते तसंच बोलून दाखवलं. सगळे हसले, दादासुद्धा हसला.

पण त्याला ते नको होतं. कर भरा आणि मोकळे व्हा, एवढंच त्याचं म्हणणं. चिमण त्याला समजावत राहिला की बाबा, तुम्ही जन्मभर कर भरलात, मग त्याच पैशावर पुन्हा कशाला? हे बोलणं अगदीच टाकाऊ नव्हतं, मलाही क्षणभर पटलं. दादानं मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"मी भरला रे," तो म्हणाला. "तू कुठे भरलास?"

चिमणचा चेहरा उतरला. मग त्यानं काय काय सांगितलं. रात्र रात्र झोप लागत नाही, छापखाना डोळ्यांपुढे येतो, शंभर माणसांचं काय करू. बोलता बोलता त्याला रडू फुटलं. पन्नाशीचा माणूस हॉलमध्ये परक्या सल्लागारासमोर रडतोय हे दादाला बघवलं नाही. त्यानं विचारलं, यानं तुला झोप लागेल का? लागेल, चिमण म्हणाला. मग कर तुला हवं तसं, म्हणाला आणि हळूबोलेंनी खूण केली तिथे तिथे सही करत गेला. माझ्या भावाचं हे एक कायमचंच होतं. शंभर माणसं त्याला वचकून असायची आणि त्या पोरापुढे तो लगेच विरघळायचा.

मागच्या गल्लीपलीकडे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. चिमणनं त्या मुद्दाम शोधल्या, कारण गॅलरीतून आमचं अंगण दिसायचं. सूनबाईनं पडदे शिवून घेतले, चांगली गादी घेतली, भिंतीला रंग लावून घेतला. सगळं मायेनं केलं हो, त्यात खोट काढायला जागा नाही. पहिल्याच महिन्यात दादा आपल्या चपला इथेच विसरून चिमणच्या घालून परत गेला. सूनबाईला त्या बाकाखाली सापडल्या, तशी ती बिचारी त्या हातात घेऊन तीन मजले चढून देऊन आली. परत आल्यावर संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. तिला लाज वाटत होती, आणि ती कुणाला सांगायची सोय नव्हती.

दादा गॅलरीत उभा राहून अंगणाकडे बघायचा. मी कपडे वाळत घालताना वर हात करायचे, तो खाली हात करायचा. सत्तरी उलटलेली दोन भावंडं, एका गल्लीच्या अंतरावरून हात हलवतायत. बघणाऱ्याला वाटलं असेल, यांना वेड लागलंय.

आणि रविवारी नळ. मी तिथेच पायरीवर चहाचा कप घेऊन बसायचे. दादा पाणी बंद करायचा, पान्यानं नळ खोलायचा, आतला झिजलेला चामड्याचा वायसर काढायचा, उजेडात धरून बघायचा, त्यावर फुंकर मारायचा, आणि तोच परत बसवायचा. नळ पुन्हा थेंब थेंब गळायला लागायचा. एकदोनदा बघितल्यावर मी विचारलं, नवा वायसर नाही का तुझ्याकडे? आहे की, म्हणाला, आणि खिशातून काढून दाखवला. एक नाही, मूठभर.

"मग बसव की."

"नवा बसवला तर दोन वर्षं बघायला नको," तो म्हणाला. "मग मी येऊ कशाला?"

मी हसले, तोही हसला. मग मी आत गेले आणि आधीच घासलेलं पातेलं पुन्हा घासत बसले. तुम्ही म्हणाल, मुलाच्या घरी यायला कारण कशाला हवं. खरंच नको. पण दादा कुणाच्या घरी काम नसताना बसला नाही कधी. लग्नघरात गेला तरी तिथला तुंबलेला पाइप मोकळा करायचा. आणि हे आता कुणाचं तरी घर झालं होतं. चिमणला यातलं काही माहीत नव्हतं. तो चिडायचा, म्हणायचा, नळाचा कारखाना आपला आणि घरचा नळ गळतो, लोक हसतील, मी माणूस पाठवतो. दादा म्हणायचा, खबरदार, त्या नळाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

एका रविवारचं मात्र मी विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही. जेवण झालं, दादा आपल्या जुन्या खुर्चीत टेकला आणि त्याला गाढ झोप लागली. तोंड उघडं, हात पोटावर. आम्ही दबक्या आवाजात बोलत होतो. बघता बघता संध्याकाळ झाली, दिवे लागले, आणि चिमणची चुळबुळ सुरू झाली. एकदा घड्याळाकडे, एकदा रस्त्याकडे. समोरचे लोक बघतात, कोण काय बोलेल सांगता येत नाही. मी म्हटलं, झोपू दे रे, म्हातारा माणूस आहे. शेवटी त्यानं दादाच्या खांद्यावर हात ठेवला. हळूच ठेवला, लहान मुलाला उठवावं तसा.

"बाबा, उठा. घरी जायचं ना?"

दादानं डोळे उघडले. खोलीभर बघितलं, खिडकी, कपाट, वहिनीचा फोटो.

"घरीच आहे की," तो म्हणाला.

मग त्याच्या लक्षात आलं. हो हो, चल, म्हणाला, आणि चपला शोधायला लागला. चिमण वाकून त्याच्या पायात चपला घालत होता आणि डावी उजव्या पायात घालत होता, हे मी बघितलं. म्हणून म्हणते, तो दुष्ट नव्हता. दुष्ट माणसाला एवढा त्रास होत नाही.

अशी वर्षं गेली. सातवं लागलं आणि दादानं अंथरूण धरलं. छातीचं दुखणं, भट्टीचा धूर जन्मभर खाल्लेला. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की आता बरं व्हायचं नाही, आराम द्या. चिमणनं काही कमी केलं नाही. नर्स ठेवली, वरखाली होणारा पलंग आणला, तो खिडकीपाशी लावला म्हणजे बाबांना अंगण दिसेल. मी रोज गुडघ्यांच्या नावानं बोटं मोडत तीन मजले चढायचे. दादा मला पहिला प्रश्न विचारायचा, नळ गळतोय का? गळतोय म्हटलं की त्याला बरं वाटायचं.

एका दुपारी चिमण पलंगाशी बसला होता, मी पायाशी. दादानं त्याचा हात धरला.

"मला घरी ने," तो म्हणाला. "माझ्या खोलीत. दुसरं काही नको."

चिमणनं त्याला सगळं पुन्हा सांगितलं. मुदत संपायला अगदी थोडे महिने आहेत, आता घरी नेलं तर सात वर्षांचं सगळं पाण्यात जाईल, एवढं काढलंय तर अजून थोडं काढू, मग तुम्हाला वाजत गाजत नेतो. दादा ऐकत होता. त्याच्याजवळ भांडायला दम उरला नव्हता, आणि असता तरी तो भांडला नसता. मग राहू दे, म्हणाला, तुझं नुकसान नको. आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

मी चिमणला तिथल्या स्वयंपाकघरात ओढत नेलं. तुला काही वाटतं का म्हणून विचारलं. तो कट्ट्याला टेकून उभा होता.

"थोडेच महिने राहिलेत, आत्या."

"कुणाचे?"

तो तोंडावर हात घेऊन रडला. मी म्हटलं, अरे, कराच्या ऑफिसात जाऊन विचार, की बाबा आजारी आहेत, घरी आणले तर काय होईल. मी खिडकीवर बसलेली बाई आहे, विचारणाऱ्याला कोणी खात नाही. शंभरातले नव्वद लोक खिडकीशी येतच नाहीत, शेजाऱ्याला विचारतात आणि भलतंच करून बसतात. तर त्यानं माझ्यापुढे हात जोडले. म्हणाला, तिथे जाऊन विचारायचं म्हणजे आपण होऊन फाइल उघडायला लावायची, नाही ते प्रश्न निघतील. त्यानं हळूबोलेंना फोन केला, आणि हळूबोलेंनी सांगितलं की आहे तिथेच राहू दे.

मग मी ठरवलं, गेला खड्ड्यात याचा सल्लागार, मीच जाते. दादाला सांगितलं. त्यानं माझं मनगट धरलं, हाडं राहिली होती नुसती, पण पकड तीच.

"त्याच्या पाठीमागे जाऊ नकोस," तो म्हणाला. "पोरगा तोंडघशी पडेल."

मरणाच्या दारात पडलेला माणूस, त्याचा शब्द मोडवेना. मी पिशवी खाली ठेवली.

त्यानंतर दादा फार दिवस राहिला नाही. एका सकाळी नर्स चहा करायला गेली तेवढ्यात गेला. मुदत संपायला अजून काही महिने होते. गेल्यावर मात्र त्याला घरी आणलं. त्याला हळूबोलेंची हरकत नव्हती. हॉलमध्ये त्याच्या खुर्चीशेजारी ठेवलं, लोक येऊन गेले, आणि मी आत जाऊन त्याच्या खोलीची खिडकी उघडून ठेवली. का ते मला माहीत नाही.

मुदत पुरी झाली नाही म्हणून कर बसायचा तो बसलाच. मधली वर्षं गेली म्हणून थोडा कमी झाला, पण बसला. आणि गंमत ऐका, तो हप्त्यांनी भरता येत होता. कारखाना विकावा लागला नाही, एक माणूस कमी करावा लागला नाही. सूनबाईनं त्या वर्षी नवी गाडी घ्यायची ठरवली होती ती घेतली नाही, एवढंच काय ते आमच्यावर आकाश कोसळलं.

कागदांवर माझीही सही हवी होती, मी त्या घरात राहत होते ना. म्हणून चिमणबरोबर मी कराच्या ऑफिसात गेले. जुनी लाकडी टेबलं, भिंतीला लावलेली कपाटं, पंख्याची घरघर. मला अगदी आमच्या पालिकेत आल्यासारखं वाटलं. टेबलामागे एक तरुण बाई होती, सर्दीनं नाक लाल झालेलं, रुमाल हातात. चांगली बोलत होती. बसा आजी, म्हणाली, माझ्यासाठी खुर्ची स्वतः सरकवली. कागद चाळता चाळता ती एका ठिकाणी थांबली. वडील भाड्याच्या जागेत वारले का, म्हणून तिनं विचारलं.

चिमण ताठ झाला. त्याला वाटलं, आता उलटतपासणी. सात वर्षं घोकलेलं तो धडाधड बोलून गेला. दिल्यानंतर ते घरात एक रात्रसुद्धा राहिले नाहीत, त्यांची एक वस्तू घरात नव्हती, हवं तर शेजाऱ्यांना विचारा, ही आत्या साक्षीला आहे.

त्या बाईनं पेन खाली ठेवलं. ती गोंधळली होती.

"पण ते शेवटी आजारी होते ना?" ती म्हणाली. "आजारी माणसाला घरच्यांनी सांभाळायला घरी आणलं तर आम्ही तो उपभोग धरत नाही. कायद्यातच आहे तसं. इथे कुणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

चिमणनं विचारलं, काय? तिनं पुन्हा तेच सांगितलं, जरा सावकाश. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून ती मला पाणी हवं का म्हणून विचारायला लागली. पाणी त्याला हवं होतं. मी सही केली, त्यानं सही केली, त्याची सही रेघेच्या खाली घसरली.

जिन्यात त्यानं हळूबोलेंना फोन लावला. मी कठड्याला धरून शेजारीच उभी होते, आणि तो माणूस इतका हळू बोलतो तरी त्या दिवशी मला सगळं ऐकू आलं. असं एक कलम आहे खरं, म्हणाला. पण ते लावायचं म्हणजे डॉक्टरांचे कागद, विचारपूस, चार प्रश्न. तुम्ही मला सुरक्षित काय ते विचारलंत, मी सुरक्षित ते सांगितलं. चिमणनं फोन खिशात ठेवला. त्याला ओरडताही आलं नाही, कारण विचारलं होतं ते तेच.

घरी आल्यावर तो कपडेही न बदलता मागच्या अंगणात गेला आणि धुण्याच्या दगडावर बसला. नळ गळत होता. इतके दिवस कुणी हात लावला नव्हता, थेंबांची आता बारीक धारच झाली होती. मी पायरीवर बसले. माझ्या मनात त्याला बरंच काही बोलायचं होतं, सात वर्षांचं साठलेलं. पण त्याच्या टकलावर ऊन पडलं होतं आणि तो अगदी दादासारखा दिसत होता, म्हणून मी फक्त नळाचं सांगितलं. तुझा बाप जुनाच वायसर परत बसवायचा, खिशात मूठभर नवे असताना. पुढच्या रविवारी यायला कारण हवं म्हणून.

त्यानं त्या धारेखाली बोट धरलं. मी आत जाऊन वायसर घेऊन आले. नर्सनं दादाच्या सदऱ्याच्या खिशातून काढून दिले होते, ते मी रुमालात बांधून ठेवले होते. त्यातला एक चिमणनं उचलला, तळहातावर ठेवून बघितला. आपल्या कारखान्यात हे असे रोज पोत्यांनी येतात, पण त्यानं तो कधी हातात धरला नसावा. मग सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

"पाना कुठे आहे, आत्या?"

"इथे नाही रे," मी म्हटलं. "तो येताना घेऊन यायचा आणि जाताना घेऊन जायचा. त्याचं काही या घरात ठेवायचं नाही असं ठरलं होतं."

तिकडच्या खोल्या आम्ही मागच्याच महिन्यात रिकाम्या करून दिल्या होत्या, सामान कुणाकुणाला वाटून टाकलं होतं. चिमणनं नळाची चावी दोन्ही हातांनी धरली आणि जोर लावून आवळत राहिला.